दाणे, साल आणि आईचं चालणं

१० डिसेंबर, सांगोला

डाळिंबाच्या मृग बहाराची तोडणी आज सुरू झाली. भगवा वाणाचा माल यंदा बरा उतरलाय, साल चकचकीत, फळ हातात घेतलं की वजन लागतं. व्यापारी बागेतच क्रेट भरून घेतोय. तडकलेली आणि उन्हाने चट्टे पडलेली फळं बाजूला निघाली. त्यांचा रस काढून बाटल्या विकायचं भाच्याच्या मनात आहे. रात्री त्याने लेबलावरचा मजकूर वाचून दाखवला : ‘रोज एक ग्लास, म्हातारपण लांब.’ “आत्या, तू जन्मभर जीवशास्त्र शिकवलंस. यातलं खरं किती ते सांग, मग छापायला देतो.” छापायच्या आधी विचारतोय, याचं मला बरं वाटलं.

१२ डिसेंबर

दोन दिवस वाचन चाललंय. डाळिंबाचं नाव म्हातारपणाशी जोडलं गेलं ते मुख्यतः यूरोलिथिन-ए या पदार्थामुळे, आणि तो फळात नसतोच! फळात, त्यातही सालीत आणि पिवळ्या पडद्यांत, प्युनिकॅलॅजिनसारखी एलॅजिटॅनिनं असतात. पोटात गेल्यावर त्यांचं एलॅजिक आम्ल होतं आणि मोठ्या आतड्यातले काही जिवाणू त्यापासून यूरोलिथिन बनवतात. निम्मं काम झाडाचं, निम्मं आपल्या आतड्याचं.

पुढचं तर वर्गात शिकवायला मिळालं असतं तर मी दोन तास घेतले असते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका जुन्या होतात, बिघडतात. पेशी त्या मोडून त्यांचं सामान पुन्हा वापरते, पण वय वाढतं तशी ही साफसफाई मंदावते. यूरोलिथिन तिला पुन्हा गती देतं, असं स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. एक मिलिमीटर लांबीचे, दोन-तीन आठवडे जगणारे सी. एलेगन्स नावाचे कृमी यूरोलिथिन मिळाल्यावर ४५ टक्के जास्त जगले. वयस्क उंदरांची पळण्याची क्षमता ४२ टक्क्यांनी जास्त भरली. उंदरांच्या बाबतीत गाजलेला आकडा पळण्याचा आहे, आयुष्याचा नव्हे. बातम्यांमध्ये हा फरक पार पुसला जातो आणि मला त्याचा राग येतो.

शिवाय सगळ्यांच्या आतड्यात ते जिवाणू नसतात. स्पेनमधल्या संशोधकांनी यावरून माणसांचे तीन गट पाडलेत. त्यातल्या एका गटाने कितीही डाळिंबं खाल्ली तरी यूरोलिथिन तयार होत नाही. म्हणजे एकाच बाटलीतला रस दोघी जावांनी प्यायला, तरी एकीच्या अंगात ते बनेल आणि दुसरीच्या नाही. ‘रोज एक ग्लास’ हे सगळ्यांना सरसकट कसं सांगणार?

१४ डिसेंबर

वहिनीने दुपारी विळीवर डाळिंब कापलं. देठाच्या बाजूने चकती काढली, सालीवरच्या उंचवट्यांवर उभ्या चिरा दिल्या आणि दोन्ही अंगठ्यांनी फळ उकललं. दाणे टपटप परातीत पडले. पात्यावर सालीचा रस लागला होता तिथे थोड्या वेळाने निळसर काळा डाग उमटला, तिच्या नखांच्या कडाही काळवंडल्या. सालीतलं टॅनिन लोखंडाला भेटलं की हा रंग येतो. लोझानच्या प्रयोगशाळेतली गोष्ट जिथून सुरू होते तो पदार्थ आमच्या विळीवर असा डोळ्यांना दिसतो. याच टॅनिनासाठी डाळिंबाची साल कापड रंगवायला आणि कातडी कमवायला वापरत आले आहेत. आम्हा भावंडांचं पोट बिघडलं की आई वाळकी साल सहाणेवर उगाळून द्यायची. वैद्यांचं दाडिमाष्टक चूर्णही पोटासाठीच. आपल्याकडे हे फळ आतड्याचं म्हणूनच ओळखलं गेलं, आणि नवं संशोधनही आतड्यापाशीच पोचलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

भाच्याला मात्र सांगावं लागलं की अख्खं फळ दाबून काढलेल्या रसात ही द्रव्यं जास्त उतरतात आणि सोललेल्या दाण्यांच्या रसात कमी. तो दाणे सोलूनच रस काढतो. सालीसकट दाबला तर तुरट होईल, गिऱ्हाईक परत येणार नाही, असं त्याचं म्हणणं, आणि तेही खरंच आहे.

१७ डिसेंबर

पलीकडच्या बागेत तेल्या रोग आलाय. फळावर तेलकट काळे डाग, मग तडे, आणि पंधरा दिवसांत उभा माल मातीमोल. दादा रात्री जेवला नाही नीट. भाचा लेबलावर एवढा जोर का देतोय ते मला कळतं. बाटलीमागे दोन पैसे जास्त सुटले तर फवारणीचा खर्च तरी निघेल.

२० डिसेंबर

आज माणसांवरच्या चाचण्या वाचल्या. २०२२ मध्ये सिॲटलमधल्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. ६५ ते ९० वयाची ६६ माणसं, चार महिने, काहींना रोज १००० मिलिग्रॅम यूरोलिथिन, बाकीच्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. यूरोलिथिन घेणाऱ्यांचे हातापायाचे स्नायू उशिरा थकू लागले, ही चांगली बातमी. पण सहा मिनिटांत किती चालता येतं, या मुख्य कसोटीत दोन गटांत ठोस फरक निघाला नाही. औषध न मिळालेल्यांचंही अंतर वाढलं होतं. आणि दिलं होतं ते शुद्ध यूरोलिथिन, डाळिंबाचा रस नव्हे. रसाच्या ग्लासातून ते अंगात किती तयार होईल, ते ज्याच्या त्याच्या आतड्यावर.

हे वाचताना डोळ्यांसमोर आई होती. वय ८२. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, ओसरीची पायरी उतरताना ती भिंत धरते. म्हातारपण तिला गाठतंय ते मांड्यांतून. तिच्यासाठी मी खरोखर काय करू शकते? रोज सकाळी खुर्चीतून उठणं-बसणं, हात न टेकता, जमेल तितक्या वेळा. जेवणात डाळ, दही, अंडं. आणि वाटीभर दाणे, कारण तिला ते आवडतात. हे आजपासून सुरू केलं. ती कुरकुरली, पण उठली.

२३ डिसेंबर

वहिनीचं हिमोग्लोबिन कमी आलंय. शेजारणींनी सांगितलं, डाळिंब खा, रक्त वाढतं. रंगामुळे तसं वाटत असावं. १०० ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. तिला म्हटलं, डाळिंब खुशाल खा, पण डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सोडू नकोस. दादाला मधुमेह आहे. त्याने रसापेक्षा दाणे खावेत, तेही मोजके. १०० ग्रॅम दाण्यांत साखर १३-१४ ग्रॅम असते, पण सोबत ४ ग्रॅम तंतू असतात. गाळलेल्या रसात साखर उरते, चोथा जातो.

२७ डिसेंबर

भाचा म्हणाला, “सगळेच लिहितात, आत्या. मी एकट्याने नाही लिहिलं तर मागे पडेन.” त्याला अमेरिकेतली हकिकत सांगितली. पॉम वंडरफुल ही डाळिंबाच्या रसाची मोठी कंपनी. हृदयविकार, प्रोस्टेटचा कर्करोग यांवर रस गुणकारी असल्याच्या जाहिराती तिने केल्या. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये तक्रार दाखल केली, २०१३ मध्ये त्या जाहिराती फसव्या ठरवल्या आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय बहुतांशी कायम ठेवला. एवढा पैसा संशोधनावर ओतणाऱ्या कंपनीलाही पुरावा पुरला नाही. तो गप्प झाला. मग म्हणाला, “मग लिहू काय?”

भगवा, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं वाण. सांगोल्याची बाग, मृग बहार. तोडणीची तारीख. साखर घातलेली नाही. माझ्या मते एवढं पुष्कळ आहे. चांगलं फळ पिकवणाऱ्याला त्यापलीकडे काही म्हणायची गरज पडू नये.

३० डिसेंबर

‘म्हातारपण लांब’ त्याने खोडलं. त्या जागी ‘ताकदीसाठी’ हवंय त्याला, निदान एक शब्द तरी. मी अजून हो म्हटलेलं नाही. उद्या शेवटच्या तोड्याची गाडी भरायची आहे, ती गेली की पुन्हा बसू. आईची आज हात न टेकता सहा वेळा उठबस झाली.