आयरिसचा मंद गंध

केवडा, मोगरा आणि हिना यांची स्वारी येण्यापूर्वीच त्यांची वर्दी दालनभर पोहोचलेली असते. आयरिसचे अत्तर मात्र अगदी निकट येऊन बसणाऱ्याखेरीज कोणालाही आपल्या अस्तित्वाची जाणीव करून देत नाही, आणि ह्या संयमातच त्याचे सारे शील सामावलेले आहे, असे मला दीर्घ सहवासानंतर निश्चयाने वाटते.

हा संयम त्याच्या जन्मकथेतच आहे. इटलीतील फ्लोरेन्सच्या आसमंतात, टस्कनीच्या उतारांवर फुलणारे ह्या वनस्पतीचे फिकट जांभळे फूल कितीही मनोहर असले, तरी गंधकाराला हवा असतो तो जमिनीखालचा, हळकुंडासारखा गाठाळ कंद. आणि ज्या परिमळासाठी त्याची ख्याती, तो ताज्या कंदात जवळजवळ नसतोच. सुमारे तीन वर्षे शेतात पोसलेला, मग सोलून वाळवलेला हा कंद आणखी तीनएक वर्षे कोठारात पडून राहतो, तेव्हा कुठे हवेतील प्राणवायूच्या संथ संस्काराने त्यात आयरोन नामक सुगंधी द्रव्ये उदयास येतात. आणि अशा टनभर कंदांच्या ऊर्ध्वपातनातून लोण्यासारखा घट्ट अर्क हाती लागतो, तो जेमतेम दोन-तीन किलो.

प्राडा ह्या इटालियन फॅशनसंस्थेच्या २००७ सालच्या ‘इन्फ्युजन दिरिस’ ह्या अत्तरात गंधकार दानिएला आंद्रिए यांनी ह्या गंधाला संत्र्याच्या फुलांची निर्मळता, वाळ्याचा गारवा आणि उदाची सौम्य ऊब यांची जोड दिली आहे, त्यामुळे वाळ्याच्या पडद्यांशी नि उदाच्या धुराशी बालपणापासून परिचित असलेल्या आपल्या घ्राणेंद्रियाला तो परका वाटत नाही. प्रथम किंचित हिरवट, नंतर मातकट आणि अखेरीस कोरडा, पिठूळ होत जाणारा हा सुवास, मुंबईच्या दमट उन्हाळ्यात जड अत्तरे असह्य होतात तेव्हाही, कचेरीत, आगगाडीच्या डब्यात किंवा रुग्णाच्या उशाशी कोणालाही उपद्रव देत नाही. तो लवकर ओसरतो, ही तक्रार अंशतः खरी आहे. परंतु त्वचेवरून तो निघून गेला, तरी सुती वस्त्रावर सायंकाळपर्यंत रेंगाळतो.

म्हणून सहा वर्षांच्या प्रतीक्षेतून घडलेल्या ह्या गंधाचा निकाल दुकानातील कागदाच्या पट्टीवर क्षणभर हुंगून देऊ नये. तो मनगटावर घ्यावा, आपला एक संपूर्ण दिवस त्याला द्यावा, आणि मगच पैसे मोजावेत.