पाटी, पदवी आणि कलम 22

सरकारी कॉलेजचे विद्यापीठ झाले की बातमी होते ती नावाची. विद्यापीठ कायदे हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्याने असे विधेयक हाती आले की मी ते मागून वाचायला घेतो. आधी वित्तीय ज्ञापन, मग निरसन आणि व्यावृत्तीचे कलम, मग संक्रमणकालीन तरतुदी. कुलगुरूंची निवड, अधिकार मंडळे वगैरे मजकूर बहुतेक कायद्यांत सारखाच असतो. संस्थेचे पुढे काय होणार, हे या शेवटच्या पानांवर कळते.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे सीओईपीचे उदाहरण बघा. सरकारी बांधकामांसाठी हाताखालची माणसे तयार करायला 1854 मध्ये इथे एक वर्ग सुरू झाला. 1864 मध्ये तो ‘पूना सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज’ झाला, 1880 मध्ये ‘कॉलेज ऑफ सायन्स’ आणि 1911 मध्ये ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1883 मध्ये इथून एल.सी.ई. (स्थापत्य अभियांत्रिकीची तेव्हाची पदवी) झाले, तेव्हा दारावर ‘कॉलेज ऑफ सायन्स’ अशी पाटी होती. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची. पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती पुणे विद्यापीठाची झाली. या शतकाच्या सुरुवातीला कॉलेजला स्वायत्तता मिळाली, अभ्यासक्रम आणि परीक्षा हातात आल्या, तरी पदवीच्या कागदावर सही पुणे विद्यापीठाच्याच कुलगुरूंची. इतक्या जुन्या संस्थेला स्वतःच्या नावाने पदवी देता यायला 2022 उजाडावे लागले. त्या वर्षी विधिमंडळाने सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचा कायदा केला.

कायदाच का लागला? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या अधिनियमातील कलम 22 मुळे. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, कलम 3 खालचे अभिमत विद्यापीठ आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. पुढचे कलम 23 ‘विद्यापीठ’ हा शब्द नावात कोणी लावायचा, यावर बंधन घालते. म्हणजे शिकवणे कितीही उत्तम असो, मंत्रालयातून निघालेल्या शासन निर्णयाने कॉलेजची पाटी बदलेल, पदवीचा अधिकार येणार नाही. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग (यूडीसीटी), म्हणजे आजची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी), 2008 मध्ये अभिमत विद्यापीठाच्या दर्जाच्या वाटेने गेली. तो दर्जा केंद्र सरकार अधिसूचनेने देते. सीओईपीला राज्याच्या कायद्याचा मार्ग मिळाला आणि मला तो अधिक योग्य वाटतो. संस्था राज्याची, पैसा राज्याचा, तर तिचे भवितव्यही विधिमंडळात उघड चर्चा होऊन ठरावे.

नाव गौण आहे, असे मात्र मी कधीच म्हणणार नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी 27 जुलै 1978 रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. ठरावाने सभागृहाचे मत नोंदवले जाते, पण अंमलबजावणीचे बंधन येत नाही. त्या मधल्या वर्षांची किंमत कोणी मोजली, हे महाराष्ट्राला माहीत आहे. म्हणून नामांतर असेल तर कायद्यातच आणि अंमलाच्या तारखेसह असावे, हा माझा आग्रह असतो.

आता पदव्यांकडे. नव्या विद्यापीठाच्या कायद्यात अधिकारांच्या कलमात ‘पदव्या, पदविका, प्रमाणपत्रे प्रदान करणे’ असे शब्द येतात आणि सगळी दारे उघडली असे वाटते. पण अनुदान आयोगाच्या अधिनियमातील कलम 22 मध्येच पुढे म्हटले आहे की पदवी म्हणजे आयोगाने, केंद्र सरकारच्या पूर्वमान्यतेने, राजपत्रात निर्दिष्ट केलेलीच. नव्या विद्यापीठाला नवा विषय काढता येतो, पदवीचे नवे नाव मनाने ठरवता येत नाही. तांत्रिक शिक्षणात आणखी एक फरक पडतो. भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सांगितले की विद्यापीठाला तांत्रिक अभ्यासक्रमासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) पूर्वपरवानगी लागत नाही. कॉलेजला ही सवलत नाही. कॉलेजचे विद्यापीठ झाले की अभ्यासक्रम झपाट्याने वाढतात, त्याचे एक कारण हे.

मसुदा वाचताना सर्वांत जास्त वेळ मी घालवतो तो एका कल्पित विद्यार्थिनीवर. समजा, ‘नियत दिवस’, म्हणजे कायदा अंमलात येण्याचा दिवस, उजाडला तेव्हा एक मुलगी बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचा प्रवेश जुन्या विद्यापीठाच्या नियमांनी झाला. तिची पदवी कोणाची? सहसा व्यावृत्तीचे कलम सांगते की आधी प्रवेश घेतलेल्यांना जुन्याच विद्यापीठाची पदवी मिळेल. ठीक. पण तिचा एक विषय राहिला आणि जुना अभ्यासक्रम बंद झाला, तर फेरपरीक्षा कोण घेणार? पुढे परदेशी विद्यापीठाने पडताळणी मागितली, तर नोंदवही कोणाच्या कपाटात? जुन्या परीक्षा किती वर्षे चालतील आणि अभिलेख कोणाकडे राहतील, हे मसुद्यात स्पष्ट लिहायला दोन परिच्छेद पुरतात. ते नसले की ती मुलगी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहते आणि दोन्हीकडचे कारकून तिला प्रामाणिकपणे सांगतात, ‘हे आमच्याकडे येत नाही.’

शेवटी वित्तीय ज्ञापन. पदवीच्या अधिकाराबरोबर परीक्षा विभाग येतो, कुलसचिव येतो, वित्त अधिकारी येतो, नव्या विषयांना प्राध्यापक लागतात. ही पदे कायद्याने आपोआप तयार होत नाहीत. पदांचा आकृतिबंध वित्त विभागाकडून मंजूर व्हावा लागतो, मग जाहिरात, मग निवड. तोवर कॉलेजचीच माणसे विद्यापीठ चालवतात आणि नवे अभ्यासक्रम तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर उभे राहतात. यावर उपाय मसुद्यातच करता येतो. किमान पदांची अनुसूची कायद्याला जोडावी आणि ती पदे भरल्याशिवाय नव्या पदवीला प्रवेश देऊ नयेत, असे एक पोटकलम घालावे. असे विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेले, तर आमदारांनी ही दुरुस्ती मागावी.