जुमेरातचा ऊद आणि खाली वाहणारा धूर

धूर वर जातो, हे पूर्णेत वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड ही मीटरगेज लाइन इथून गेली, पुढे हिंगोलीकडचा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झाले. कोळशाची इंजिने होती तेव्हा वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडत, असे आमचे अब्बा सांगायचे. ती इंजिने गेली, मीटरगेजही गेली. जुमेरातला मगरिबनंतर घरात ऊद फिरवण्याची रीत मात्र राहिली. आमच्या घरी अम्मी मातीच्या ऊददाणीत निखारे घेत, वर लोबानाचे चार खडे टाकत आणि खोलीखोलीतून फिरत. धूर सरळ आढ्याला जाई.

म्हणूनच परभणीच्या उरुसात खाली वाहणारा धूर दिसला तेव्हा आम्ही सगळेच थबकलो. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो. पूर्णेहून मिरखेल, पिंगळी ही स्टेशने गेली की परभणी. त्यामुळे आमची एक फेरी ठरलेली. जत्रेतल्या एका दुकानात काचेच्या पेटीत चिनी मातीचा छोटा डोंगर ठेवला होता आणि त्याच्या माथ्यावरून दुधासारखा पांढरा धूर पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरत होता. लेकरे ओरडली, "दादी, देखो, धुवाँ नीचे गिररा!" अम्मीही हसल्या. वस्तू घ्यायची हे तिथेच ठरले.

या वस्तूला बाजारात 'बॅकफ्लो धूपदान' म्हणतात. दुकानात बुद्धमूर्ती होत्या, गणपती होते, तोंडातून धूर सोडणारे अजगर होते. आम्ही साधा डोंगर निवडला. आपल्या घरात मूर्ती ठेवत नाहीत, हे एक कारण. दुसरे असे की पूर्णेत आमच्या शेजारी बौद्ध घरे आहेत. ज्यांच्यापुढे ते हात जोडतात, त्यांना आम्ही गंमत म्हणून धुरात ठेवावे, हे बरे दिसले नसते. डोंगर, कमळ, घडा असे पुष्कळ आकार मिळतात. घेताना बूड जड आहे का, खाली राख आणि तेल झेलणारी खोलगट जागा आहे का, माथ्यावरचे छिद्र आरपार मोकळे आहे का आणि आतून झिलई आहे का, एवढे पाहावे.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी फजिती झाली. किराणा दुकानातला नेहमीचा धूप डोंगरावर ठेवला, तर धूर आपला वरच गेला. या धूपदानाला तळाशी भोक असलेला वेगळा कोन लागतो. तो टोकाला पेटवायचा, ज्योत विझवायची आणि तळाचे भोक डोंगराच्या छिद्रावर नीट बसवायचे. टोकाकडचा भाग भरीव असल्याने पहिली काही मिनिटे धूर वरच जातो. आग पोकळीपर्यंत पोहोचली की धुराचा एक भाग त्या नळीतून उतरतो, उतरताना थंड होतो आणि हवेपेक्षा जड झाल्याने खाली वाहू लागतो. दुसऱ्या दिवशी योग्य कोन आणला, पण डोक्यावर पंखा चालू होता. धूर कुठे गेला ते कळलेच नाही. उरुसातल्या दुकानदाराने डोंगर काचेच्या पेटीत का ठेवला होता, ते तेव्हा उमगले. पंखा बंद, दार लोटलेले, खिडकी बंद, तरच धबधबा दिसतो.

आणि घोटाळा नेमका तिथेच होता.

अम्मींना दम्याचा त्रास आहे. आठवडाभर लेकरे रोज संध्याकाळी बंद खोलीत कोन लावत होती आणि अम्मी त्यांच्यासोबत बसत होत्या. रात्री खोकल्याची उबळ येई, पंप घ्यावा लागे. लेकरांचा आनंद मोडू नये म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. शुक्रवारी डोंगर पुसायला घेतला, तेव्हा पांढऱ्या पायऱ्यांवर तपकिरी, चिकट थर बसलेला दिसला. साध्या पाण्याने निघेना. गरम पाणी, साबण आणि जुना दातांचा ब्रश लागला. डोंगरावर एवढे बसले, तर छातीत किती बसले असेल? डॉक्टरांनी ऐकले आणि म्हणाले, लोबान असो, ऊद असो की उदबत्ती, दम्याच्या फुप्फुसाला सगळा धूर सारखाच. त्यातले बारीक कण खोलवर जातात.

अम्मींनी एवढेच विचारले, "मग माझ्या जुमेरातचे काय?"

हा प्रश्न आम्हाला सोपा नव्हता. खुशबू ही आपल्याकडे हौसेपुरती गोष्ट नाही. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) कधी निव्वळ ऊदाची, तर कधी त्यात कापूर घालून धुरी घेत आणि प्रेषित (स.) असेच करीत असे सांगत; ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मस्जिदे नबवीत धुरी देण्याच्या कामावरूनच नुऐम यांना 'अल-मुजमिर' हे नाव पडले. मराठी माणसाच्या तोंडी रोज असलेल्या 'उदबत्ती' या शब्दातला ऊदही अरबीच. पण कच्चा लसूण खाऊन मस्जिदीत येऊ नये, दुसऱ्याला त्रास होतो, हीदेखील त्याच प्रेषितांची (स.) शिकवण आहे. वासानेही कुणाला त्रास देऊ नये, तर मग ज्या धुराने आपल्याच आईचा श्वास कोंडतो, तो सुन्नत म्हणून कसा चालेल? सुन्नत खुशबूची आहे आणि खुशबू धुराशिवायही होते.

आता आमच्या घरी असे चालते. जुमेरातला अम्मी अत्तराची कुपी काढतात. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घेऊन प्रत्येक खोलीच्या कोनाड्यात ठेवतात, मग एकेका लेकराच्या मनगटाला लावतात. अत्तरही हलकेच निवडावे लागते. उग्र वासानेही त्यांना खोकला येतो. ऊददाणी अंगणात, वाऱ्याच्या दिशेने दूर ठेवतो. डोंगर फक्त दोन्ही ईदला निघतो आणि तेही अम्मी शेजारी ईद मिळायला गेल्या असतील तेव्हाच. एकच कोन, पडद्यांपासून लांब, ताटलीत ठेवून, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. मग दारे-खिडक्या सताड उघडून पंखा लावतो आणि खोली मोकळी झाल्यावरच अम्मींना बोलावतो. झोपताना घरात पेटते काही ठेवू नये, हीही हदीसच आहे. म्हणून राख पाण्यात विझवल्याशिवाय कुणी उठत नाही.

ज्या घरात दमेकरी, तान्हे मूल किंवा गरोदर सून आहे, त्यांनी हे धूपदान घेण्याआधी त्यांचा विचार करावा. आणि त्यांनाच विचारून भागणार नाही. आमच्या अम्मींसारखी माणसे विचारले तरी "काही नाही होत, बेटा" असेच म्हणतात. रात्री त्यांच्या खोलीतून खोकला ऐकू येतो का, ते आपणच ऐकावे.