निखाऱ्यावरचे कलिंगड

जुलै महिन्यात न्यू जर्सीतील एडिसन येथे मुलाकडे मुक्काम होता. एका रविवारी तेथील सार्वजनिक उद्यानात सहभोजनाचा बेत ठरला, तेव्हा मला पहिली शंका आली ती शेगडीची. अमेरिकेतील उद्यानांत लोखंडी शेगड्या कायमच्या रोवलेल्या असतात. आदल्या दिवशी त्यांवर काय भाजले गेले असेल, हे सांगावयास नको. ‘मी घरूनच जेवून निघेन,’ असे मी जाहीर केले. सूनबाईने काही न बोलता गाडीत छोटी शेगडी, नवी जाळी आणि चिमटा ठेवला. “बाबा, ही फक्त आपलीच.”

तिने पीच दुभागून, आठळी काढून, कापलेली बाजू जाळीवर ठेवली. गुळाच्या पाकासारखा वास सुटला. कलिंगडाच्या जाड फोडींतले पाणी आटून गर घट्ट झाला, वर मीठ, मिरपूड आणि लिंबू. (मला मात्र कलिंगड थंडच बरे.) कच्ची केळी सालीसकट काळी होईपर्यंत भाजून सोलली आणि तूप-जिरेपूड लावली, तेव्हा बटाट्याची उणीव कोणालाच भासली नाही. एका स्नेह्यांनी हालूमी हे न वितळणारे चीज आणले होते. ते परंपरेने प्राण्याच्या जठरातील रेनेट घालून करतात आणि वेष्टनावर काहीच खुलासा नव्हता. ते बाजूला राहिले, पनीर चढले.

तेथे जुलैत सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. साडेसातला विस्तव विझवावयाचा होता. घरून जेवून आलेला मी तेव्हा तिसरे केळे सोलत होतो.