दाब सोसण्याची गोष्ट

इंदूरच्या सियागंजात शिरताना आधी नाक जागे होते. एका दुकानातून मिरचीचा खकाणा येतो, दुसऱ्यातून हिंगाचा दर्प, आणि पुढच्या गल्लीत वळले की ग्रीस, रबर आणि लोखंड. माझे मामा या लोखंडाच्या वासातले. पट्टे, बेअरिंगे, नटबोल्ट हा त्यांचा व्यापार. १९९२-९३ साली मी इंदुरात एम. ए. करीत होतो, तेव्हा त्यांच्याच घरी राहत असे. विषय मराठी साहित्य. पण रविवारी दुकानात बसून पान्यांचे नंबर मला भाषाशास्त्राच्या आधी पाठ झाले.

मामांजवळ जुनी पेट्रोलची अँबेसेडर होती. इंजिन १४८९ सीसीचे, ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास. सपाटीवर गाडी राजासारखी चाले. पण आम्हां बऱ्हाणपूरकरांकडे येऊन परतताना बडवाह मागे पडले आणि चोरळ-सिमरोळचा चढ लागला की तिला धाप लागे. निमाडातून माळव्याच्या पठारावर चढायचे म्हणजे गंमत नव्हे. घाटात दोनदा थांबून रेडिएटरमध्ये पाणी घालावे लागे, आणि मामी दर वेळी म्हणत, "ही गाडी नव्हे, सासूबाई आहेत. चढ आला की बसतात."

त्या काळात बसच्या आणि ट्रकच्या पाठीवर ‘टर्बो’ हा शब्द रंगवलेला दिसू लागला होता. मामांच्या मनाने तोच घेतला. इंजिनातून जळून जो धूर बाहेर पडतो, त्यात इंधनाच्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा फुकट जातो. त्याच धुराच्या झोताने एक छोटे चक्र फिरवायचे, त्याच्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते; जास्त हवा आली की जास्त इंधन जाळता येते आणि ताकद वाढते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. मामांना पेटंट ठाऊक नव्हते; पण वाया जाणाऱ्या वस्तूतून नफा काढायचा ही गोष्ट सियागंजातल्या व्यापाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. भंगारात ट्रकचा एक टर्बो त्यांनी हेरूनही ठेवला होता.

गल्लीतल्या उस्तादांनी बॉनेट उघडले, इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाबूजी, बूढ़े के फेफड़े में पहलवान की साँस मत भरो। फट जाएगा।"

दुसरा मार्ग शेजारच्या एका व्यापाऱ्याने धरला. त्याने आपल्या अँबेसेडरमधले पेट्रोल इंजिन काढून दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवून घेतले. खर्च वाचला, हे खरे. पण नवे इंजिन वजनदार. पुढच्या स्प्रिंगा बसल्या, इंजिनाच्या बैठका दोनदा तडकल्या आणि गाडी उभी असतानाही तिची दारे दातखिळी बसल्यासारखी वाजत. मामांनी हेही पाहिले, तेही पाहिले. शेवटी आपल्या जुन्या इंजिनालाच बोअर करून, नव्या रिंगा घालून ते स्वस्थ बसले. घाटात पाणी घालणे चालूच राहिले.

गंमत अशी की खुद्द कंपनीपुढेही हाच प्रश्न होता. त्याच सुमारास हिंदुस्थान मोटर्सने अँबेसेडरच्या जुन्या देहात इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन घातले, आणि ही इंजिने होत होती आमच्या इंदुराजवळच्या पिथमपुरात. म्हणजे कंपनीने जुन्या इंजिनात वारा भरला नाही, इंजिनच बदलले. पण नुसते इंजिन बदलून ती थांबली नाही. ताकद पंच्याहत्तर अश्वशक्तीच्या घरात गेली, तशी चारऐवजी पाच गिअरची पेटीही आली. मामा ती गाडी पाहून आले आणि म्हणाले, "सून बदलली की स्वयंपाकघरही बदलावं लागतं." त्या वेळी मी हसलो. या वाक्याचा अर्थ कळायला मला तीस वर्षे लागली.

आता माझी गोष्ट सांगतो. हेडमास्तराने स्वतःची चूक छापील कागदावर लिहावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण दुसऱ्यांच्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर आयुष्यभर शेरे लिहिले. एक शेरा स्वतःवरही असावा.

माझा मुलगा अभ्यासात मध्यम. हात मात्र विलक्षण. घरातला मिक्सर, शाळेची घंटा, शेजाऱ्यांची मोपेड, सगळे तो उघडून पुन्हा बसवी. मला हे दिसत नव्हते असे नाही. पण हेडमास्तराचा मुलगा आयआयटीत जावा, हे गावाने ठरवले होते आणि गावाच्या आधी मी. दहावीनंतर त्याला परगावच्या क्लासला ठेवले. पहाटे पाच ते रात्री अकरा. गुण आले नाहीत की मी फोनवर म्हणे, "आणखी दोन तास वाढव." दुसऱ्या वर्षी एका रात्री त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला, "काका, तुम्ही लगेच या." मी गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. चार दिवस जेवला नव्हता. मी त्याला घरी आणले. पुढचे सहा महिने तो माझ्यासमोर पानावर बसला नाही.

मामेभाऊ म्हणाला, "दादा, त्याला माझ्याकडे पाठव." मी पाठवला, लाजत पाठवला, हेही कबूल करतो. कोणी विचारले तर मी सांगे, "इंदूरला असतो, बिझिनेस बघतो." प्रत्यक्षात तो सियागंजात दुकान सांभाळून उरलेल्या वेळी गॅरेजात काम करीत होता.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. त्याने जुनी पेट्रोल गाडी घेतली होती आणि तिला टर्बो बसवायचा विचार होता. दीड लाखाची गोष्ट. मी समजूत घालायची भाषणे मनात जुळवत बसने इंदूर गाठले. सरवटे स्टँडवर उतरून चालत गेलो. तो गाडीखाली होता. बाहेर आला, हात पुसले, चहा मागवला आणि माझे भाषण सुरू होण्याआधीच म्हणाला, "बाबा, टर्बो नाही बसवत."

मी विचारले, "का रे?"

मग तो बोलू लागला. गेल्या पाच वर्षांत तो माझ्याशी एवढे बोलला नव्हता.

"सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो ना? हवा दाबली की तापते. आधीच तापलेली हवा हे इंजिन आत घेणार आणि स्वतः आणखी दहा पट दाबणार. मग ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल कुठेतरी आपोआप पेटतं. त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर आतून हातोडा मारल्यासारखं. डिझेलला हे भय नाही, म्हणून ट्रकला टर्बो सहज पेलतो."

"मग कंपन्या पेट्रोलच्या गाड्यांना लावतातच की."

"त्या इंजिनाचा जन्मच त्यासाठी असतो. आतला दाब बेताचा ठेवतात, पिस्टन मजबूत, त्याच्या पोटाला खालून तेलाची चिळकांडी, हवा थंड करायला इंटरकूलर. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, त्याला तेल सतत हवं. आपण बाहेरून टर्बो लावायचा तर हे सगळं एकेक करून बदलावं लागतं. इंजेक्टर, कॉम्प्युटर, क्लच, ब्रेक. तितक्या पैशात अख्खं टर्बो इंजिन आणून बसवणं शहाणपणाचं."

"मग ते बसव."

तो हसला. "त्यालाही वायरिंग, रेडिएटर, गिअरपेटी, सगळं त्याच्याबरोबरचंच लागतं. आणि ते जमलं तरी रस्त्यावर चालवायचं कसं? जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल चालणार नाही. आरसी बुकात एक आणि बॉनेटखाली दुसरंच, अशी गाडी उद्या कुणाला धडकली तर? विमा कोण देईल? मी हे जुनंच इंजिन उघडून नीट करतोय. आहे तेवढी ताकद पुरी मिळाली तरी बस."

मी चहाचा पेला हातात धरून बसलो होतो. शेजारी त्याने उघडलेल्या दुसऱ्या कुठल्याशा गाडीचा एक पिस्टन पडला होता. माथ्यावर भोक पडलेले, कडा वितळलेल्या. कोणा हौशी मुलाने दाब वाढवत नेला होता म्हणे. मी तो उचलला आणि म्हणालो, "कच्चं होतं वाटतं इंजिन."

त्याने पिस्टन माझ्या हातातून घेतला. "कच्चं नव्हतं, बाबा. चांगलं होतं. एवढ्या दाबासाठी बनवलेलं नव्हतं, इतकंच. त्यात त्याची काय चूक?"

हे तो इंजिनाविषयीच बोलत होता. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. मी खाली पाहून चहा संपवला. मला त्याला पुष्कळ काही सांगायचे होते. चोवीस वर्षे शाळेत बोलण्यात गेलेल्या माणसाला त्या वेळी एकच वाक्य सुचले, "रिंगा कुठल्या घालणार आहेस?"

त्याने खोके काढून दाखवले. मी चष्मा लावून नंबर वाचला, मामांच्या दुकानात वाचत असे तसाच. मग त्याने मला पाना धरायला सांगितला आणि मी अंगातला सदरा काढून खुंटीला लावला.

दिवाळीला तो त्याच गाडीने घरी येणार आहे. वाट तीच, पण आता त्याच्या दिशेने घाट उतरायचा आहे. परतीचा चढ मी त्याच्या शेजारी बसून चढणार आहे. पाण्याची बाटली मी बरोबर घेईन. लागली तर वापरू.

शाळेत परवा एक पालक आले होते. मुलगा आठवीत. म्हणाले, "सर, याच्यावर जरा दाब वाढवा." मी मुलाला बाहेर पाठवले, पालकांना खुर्ची दिली आणि विचारले, "याला काय आवडतं, ते आधी सांगा." ते बराच वेळ गप्प होते. मीही कधी काळी तसाच गप्प बसलो असतो.