टाक्यातलं पाणी

एप्रिलातल्या एखाद्या दुपारी चोर दरवाज्याच्या वाटेनं राजगडावर आलेला नवखा गडी आधी तटाला टेकतो, मग पाण्याची चौकशी करतो. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर ओझं, या हिशेबानं त्यानं पायथ्याला एकच बाटली घेतलेली असते आणि ती निम्म्या चढातच रिकामी होते. समोर पद्मावती तलाव दिसतो, पण बरोबरचे मुरलेले भटके तिकडे वळत नाहीत. ते देवळाजवळचं टाकं गाठतात, ओणवं होऊन आत डोकावतात, पाण्याला वास येतो का बघतात.

सह्याद्रीचं पाणी लहरी. चार महिने आभाळ फाटतं आणि होळीनंतर ओढ्यांत नुसते गोटे उरतात. घट्ट कातळात फारसं मुरत नाही, उतारावरून पळून जातं. गडावर पाणी शोधायचं म्हणजे कुणीतरी अडवून ठेवलेलं गाठायचं. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हा विषय फार बारकाईनं हाताळलाय. आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा; पाणी नाही पण जागा सोडवत नसेल, तर कातळ फोडून टाकी-तळी करा. आणि एखादा झरा सापडला म्हणून निर्धास्त राहू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे रोडावतात. तोफांचं कारण आजच्या भूशास्त्रज्ञाला पटो न पटो, एकाच झऱ्यावर विसंबलेल्या भटक्याला ते मे महिन्यात पटतं.

टाकी त्याहून कितीतरी जुनी. कान्हेरीच्या, जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख त्यांना ‘पोढी’ म्हणतात. लेण्याबरोबर लोक पोढीही दान देत. या सगळ्यांत हुशारीचं काम खांबटाक्याचं. कातळ वरून उघडा न करता आत पोखरत न्यायचा, छत तोलायला मध्ये खांब राखायचे. आत ऊन पोचत नाही, त्यामुळे पाणी उडून जात नाही आणि शेवाळही सहसा धरत नाही. ऐन वैशाखात ओंजळ भरली की दात शिवशिवतात.

गार आणि नितळ पाणी बघून जीव भुलतो, आणि गोची तिथेच होते.

घरातल्या आजीला नारू विचारावा. पायऱ्यांच्या विहिरीत उतरलेल्या माणसाच्या पायाच्या फोडातून जंत आपली पिल्लं पाण्यात सोडायचा, ती जलपिसवांच्या पोटात जायची आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षभरानं हातभर लांब दोरा बाहेर यायचा. पाणी दिसायला स्वच्छच असे. पायऱ्या बुजवून, पाणी फडक्यानं गाळून भारतानं तो घालवला. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त ठरवला. प्यायच्या टाक्यात पाय घालू नये, भांडं बुडवून पाणी बाहेर घ्यावं, तोंडबिंड लांब जाऊन धुवावं, हा गडावरचा दंडक म्हणूनच सोवळेपणा नव्हे.

फडक्याची करामत बांगलादेशातही दिसली. रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवलं, की जुन्या सुती साडीच्या चार-आठ पदरांतून पाणी गाळलं तर कॉलरा जवळपास निम्म्यावर येतो. साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन सुताचे तंतू सुटतात आणि भोकं बारीक होतात. पण सुटे जंतू फडक्यातून निसटतात. तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही. क्लोरीनच्या गोळीला अर्धा तास द्यावा लागतो, गढूळ पाण्यात ती हतबल होते आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी तिला दाद देत नाही. खरा भरवसा उकळीचा. खळखळून एक मिनिट पुरे. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात, पण कळसूबाईच 1646 मीटरची, तेव्हा महाराष्ट्रात ही सबब नाही.

मग पाणी न्यायचं कशात? घट्ट झाकणाचा फिरकीचा तांब्या आता माळ्यावर गेला, पखाल त्याआधीच. पाठीवरच्या पिशवीतून नळीनं घोट घेणारी नवी पोरं दिसतात. ती नळी आतून धुवायची मात्र कुणालाच आठवत नाही.

राजगडावर सावलीत स्टोव्ह पेटलेला असतो. चौपदरी पंचातून गाळलेलं पाणी पातेल्यात खळखळतं, खाली उतरतं आणि निवता निवत नाही. तोवर नवखा गडी दहादा झाकण उचलून बोट बुडवायला जातो आणि दहादा ओरडा खातो.