आमदार पैसे वाढवून का घेत नाहीत?

संपादकांनी लेख मागितला तो ‘राज्याचा अर्थसंकल्प कसा मंजूर होतो’ या विषयावर, आणि तोही तांत्रिक शब्द टाळून. राज्याच्या वित्त व लेखा सेवेत उभी हयात गेली, त्यातली बरीच वर्षे अर्थसंकल्पाच्याच कामात. अशा माणसाला ही अट जड जाते. तरी होकार दिला. निम्मा लेख झाला असेल-नसेल, तोच सप्टेंबरच्या अखेरीस सीना नदी कोपली. माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापुरातल्या नदीकाठच्या शिवारांत पाणी शिरले, लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या शेजारच्या घरी मोहोळ तालुक्यातले पाहुणे मुक्कामाला आले. ७ ऑक्टोबर २०२५ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्या पाहुण्यांनी मला विचारले, “अण्णा, तुम्ही ह्याच खात्यात होता. कोरडवाहूला हेक्टरी साडेअठरा हजार म्हणतेत. मातीच वाहून गेली, त्यात काय होतंय? आमचा आमदार सभागृहात उठून पैसे वाढवून का घेत नाही?”

असा प्रश्न मला आयुष्यभर लोक विचारत आले. त्याचे खरे उत्तर फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून लेखाचा रोखच बदलला.

उत्तर असे की आमदाराला पैसे वाढवून घेताच येत नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ने विधानसभेला खर्चाच्या मागणीवर तीनच गोष्टी करायची मुभा दिली आहे: मंजूर करणे, नाकारणे किंवा कमी करणे. एक रुपया वाढवण्याचा अधिकार २८८ जणांच्या त्या सभागृहाला नाही. राज्यपालांची शिफारस असल्याशिवाय, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाने ठरवल्याशिवाय, कोणतीही मागणी सभागृहापुढे येत नाही. कर्जावरचे व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन असा ‘प्रभारित’ खर्च तर मतालाच टाकला जात नाही, त्यावर फक्त चर्चा होते. ७८ सदस्यांची विधान परिषद अर्थसंकल्पावर बोलू शकते, पण मागण्यांवर मत देऊ शकत नाही. विनियोजन विधेयक, म्हणजे मंजूर खर्च तिजोरीतून काढायची परवानगी देणारे विधेयक, तिच्याकडे गेले की तिच्या हाती १४ दिवस असतात. तिने केलेल्या शिफारशी विधानसभेवर बंधनकारक नाहीत.

हे ऐकून लोक चिडतात. मला मात्र ही रचना योग्य वाटते. कर बसवून किंवा कर्ज काढून पैसा उभा करण्याची जबाबदारी ज्याच्यावर, खर्च मागायचा तोही त्यानेच. प्रत्येक सदस्याला आपल्या मतदारसंघासाठी आकडा वाढवता आला असता, तर तिजोरी पहिल्याच आठवड्यात रिकामी झाली असती. माझी तक्रार रचनेबद्दल नाही. या रचनेने सभागृहाला जे उरवले आहे, ते तरी नीट वापरले जाते का, हा माझा प्रश्न आहे.

एक मागणी जवळून पाहू. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत प्रत्येक विभागाला एक अक्षर असते. गृह बी, महसूल व वन सी, कृषी डी, सार्वजनिक बांधकाम एच. सीना काठच्या शेतकऱ्याला मिळणारी नुकसानभरपाई प्रामुख्याने मागणी क्रमांक सी-६ मधून येते. तिचे मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातला खर्चाचा मुख्य गट, २२४५; नाव ‘नैसर्गिक आपत्तीच्या निवारणासाठी सहाय्य’. सभागृह ही मागणी मंजूर करते, तेव्हा अमुक इतक्या कोटींहून अधिक नाही एवढ्या खर्चाला परवानगी देते. मंजूर रक्कम ही वरची मर्यादा असते. तेवढे पैसे खर्च करण्याचे बंधन सरकारवर येत नाही, आणि कोणा शेतकऱ्याचा त्या रकमेवर हक्कही तयार होत नाही. ‘अर्थसंकल्पात मंजूर झाले’ याचा अर्थ ‘पैसे मिळाले’ असा लोक लावतात. वृत्तपत्रेही तसाच लावतात. वर्षानुवर्षे हा गैरसमज खोडून काढताना मी थकलो आहे.

कमी करण्याच्या अधिकाराला कपात सूचना म्हणतात. तिचे तीन प्रकार. धोरणच अमान्य असेल तर मागणी १ रुपयावर आणण्याची सूचना. उधळपट्टी दिसत असेल तर ठरावीक रकमेची काटकसर कपात. आणि एखादी तक्रार वेशीवर टांगायची असेल तर १०० रुपयांची लाक्षणिक कपात. हे शस्त्र आपल्या भूमीत एकेकाळी किती धारदार होते, याचा दाखला नागपुरात आहे. १९२४ साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळात डॉ. बा. शि. मुंजे यांच्या नेतृत्वाखाली स्वराज्य पक्षाने सरकारच्या मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपये केला. मंत्र्यांचा कारभार संपला आणि त्यांची खाती गव्हर्नरला आपल्या हाती घ्यावी लागली. ती परकीय सत्तेशी झुंज होती. आज कपात सूचना मंजूर झाली, तर तो सरकारवरचा अविश्वास ठरेल. म्हणून बहुमतातले सरकार ती मंजूर होऊ देत नाही.

मग ती निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. कपात सूचना दिल्यामुळे सदस्याला त्या एका बाबीवर बोलायचा हक्क मिळतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. उत्तरात मंत्री म्हणाले की ‘या योजनेचा आढावा घेऊन निधी उपलब्ध करून देऊ’, तर ते आश्वासन नोंदले जाते आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. आमच्या जिल्ह्यातून ११ वेळा निवडून गेलेले सांगोल्याचे गणपतराव देशमुख टेंभूच्या पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरत राहिले. चिकाटीने मिळवलेले एक स्पष्ट आश्वासन दहा जोरदार भाषणांहून मोलाचे असते.

पण चर्चेचे दिवस ठरलेले असतात. शेवटच्या दिवशी ठरल्या वेळी ज्या मागण्यांवर कोणी अवाक्षरही काढलेले नसते, त्या सगळ्या एकगठ्ठा मतास टाकल्या जातात. त्याला गिलोटिन म्हणतात. ‘होय’चे बहुमत, मागण्या मंजूर. पाठोपाठ विनियोजन विधेयक येते. तिथे अनुच्छेद २०४ आणखी कडक आहे: मंजूर मागणीची रक्कम बदलेल किंवा तिचे प्रयोजन बदलेल अशी दुरुस्ती या विधेयकाला सुचवताच येत नाही. म्हणून ‘विनियोजन विधेयकात आमदारांनी दुरुस्ती करून निधी मिळवला’ अशी बातमी वाचली की ती चुकीची आहे, एवढे वाचकांनी ओळखावे.

खरी देवघेव होते ती सभागृहाच्या बाहेर, आणि बरीच आधी. विभागांचे प्रस्ताव आलेले असतात, वित्त विभागाच्या बैठका सुरू असतात, आमदारांची पत्रे येत असतात, पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीत आपला आराखडा पुढे रेटत असतात. इथेच कोणत्या रस्त्याला किती आणि कोणत्या तलावाला किती हे ठरते. पैसे नसतील, तर १,००० रुपयांची लाक्षणिक तरतूद होते. गावात फलक लागतो की रस्ता अर्थसंकल्पात आला. तो आलेला असतोही, कारण लेखाशीर्षाखाली त्याचे नाव छापले गेले की पुढे पुनर्विनियोजनाने, म्हणजे दुसऱ्या तरतुदीतले पैसे वळवून, किंवा पुरवणी मागणीने पैसे टाकता येतात. पण हजार रुपयांत खडीचा एक ट्रकही येत नाही, हे गावकऱ्यांना कोणी सांगत नाही.

या कामाबद्दल मला अभिमान आहे, तो आमच्या गावच्या माणसामुळेही. सोलापूरच्या न्यायालयात पट्टेवाल्याची नोकरी केलेले सुशीलकुमार शिंदे पुढे राज्याचे अर्थमंत्री झाले आणि त्यांनी ९ वेळा अर्थसंकल्प मांडला. शेषराव वानखेडे यांनी १३ वेळा. ही परंपरा थोर आहे, आणि म्हणूनच पुरवणी मागण्यांचे आज जे झाले आहे ते मला सलते.

पुरवणी मागणी हे अनुच्छेद २०५ने दिलेले चोख साधन आहे. वर्षभरात काही नवे उभे राहिले, तरतूद अपुरी पडली, तर सरकारने पुन्हा सभागृहापुढे यावे. आता आकडे पाहा. २८ जून २०२४ला ६,१२,२९३ कोटींचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. त्यात महसुली तूट २०,०५१ कोटी आणि राजकोषीय तूट १,१०,३५५ कोटी दाखवली होती. त्याच भाषणात ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली, वर्षाला ४६,००० कोटींची. ९ जुलैला, म्हणजे ११ दिवसांनी, त्याच अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यांत ‘लाडकी बहीण’साठी २५,००० कोटी होते. योजना चांगली की वाईट हा माझा विषय नाही. दीड हजार रुपयांनी कित्येक घरांना आधार दिला हे मी पेठेतच पाहतो. माझा आक्षेप एवढाच आहे की २८ जूनला जनतेपुढे ठेवलेली तूट ११ दिवसांत जुनी झाली. १० मार्च २०२५ला ७,००,०२० कोटींचा अर्थसंकल्प आला आणि ३० जूनला ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या.

इथे वित्त विभागातले माझे जुने सहकारी लगेच म्हणतील की पुरवणीचा ठोक आकडा आणि प्रत्यक्ष भार यात फरक असतो. बरोबर आहे. केंद्राकडून येणारा वाटा, एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात वळवलेली रक्कम, नुसत्या हिशेबी नोंदी हे वजा केले की उरतो तो निव्वळ भार. जून २०२५च्या मागण्यांचा निव्वळ भार ४०,६४४ कोटी होता; जुलै २०२४चा ८८,७७० कोटी. ठोक आकड्यावर ओरड करणारे चुकतात, हे मी मान्य करतो. पण निव्वळ ८८,७७० कोटींचा बोजा येणार असताना तो ११ दिवस आधी मुख्य अर्थसंकल्पात का बसवता आला नाही, याचे उत्तर निव्वळ आणि ठोक या भेदात मिळत नाही. अर्थसंकल्पावर सर्वसाधारण चर्चा होते, विभागवार मागण्या दिवस ठरवून चर्चेला येतात. पुरवणीच्या वाट्याला तेवढा वेळ येत नाही. मोठे निर्णय पुरवणीत गेले, तर ते सभागृहाच्या कमी नजरेखालून जातात. पूर आला, दुष्काळ पडला, तर पुरवणी हवीच. पण ज्याची घोषणा मुख्य अर्थसंकल्पाच्या भाषणात झाली, त्याची तरतूदही त्याच पुस्तकात असली पाहिजे.

उपायही नवे नाहीत. केरळच्या विधानसभेत १९८०पासून विषय समित्या आहेत, संसदेत १९९३पासून विभागांशी संलग्न स्थायी समित्या आहेत. मतदानाआधी या समित्या विभागांच्या मागण्या बारकाईने तपासतात, अधिकाऱ्यांना बोलावतात. आपल्याकडे मागण्या थेट सभागृहात येतात. आपली लोकलेखा समिती खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून तपासणी करते. त्या अहवालांत एक नोंद पुन्हा पुन्हा येते: मूळ तरतूदच पूर्ण खर्च झाली नव्हती, तरी पुरवणी घेतली गेली. दरसाल तेच वाचायचे, दरसाल तेच स्पष्टीकरण लिहायचे. नोकरीत याच कामाने मला सगळ्यात जास्त शिणवले.

मंजुरीनंतरचा शेवटचा टप्पा ‘बीम्स’ या संगणक प्रणालीचा. मंत्रालयातून तालुक्यापर्यंत निधी वितरित होतो तो तिच्यावर. तहसील कार्यालयात विचारले जाते ते ‘अर्थसंकल्पात आहे का’ असे नाही, ‘बीम्सवर आलंय का’ असे. बीम्सवर निधी दिसल्याशिवाय कोषागारात देयक जात नाही. ३१ मार्चपर्यंत तो खर्च झाला नाही, तर व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो.

आता ते ३१,६२८ कोटी. ही एक थैली नाही. त्यात पीकहानीची मदत आहे, जी सी-६ आणि आपत्ती प्रतिसाद निधीतून जाते. त्या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के. रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० आहेत. खरवडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रोख आणि ३ लाखांपर्यंतची कामे रोजगार हमीतून आहेत. पीक विमा आहे, जो विमा कंपनी देणार. विधानसभा त्यासाठी हप्त्याचा सरकारी वाटा मंजूर करते, भरपाई नव्हे. रस्ते आणि पुलांची दुरुस्ती आहे, जी वेगवेगळ्या विभागांच्या मागण्यांत विखुरली जाईल. जे तातडीचे आहे, ते आत्ताच्या तरतुदीतून किंवा आकस्मिकता निधीतून देता येते. बाकीच्यासाठी सरकारला डिसेंबर २०२५मध्ये नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागणी घेऊन यावे लागले. कमी करण्याचा अधिकार असलेल्या सभागृहाला, सरकारने मागितलेलेच कमी आहे हे ठणकावून सांगता येते, ते अशाच वेळी.

म्हणून माझी सीना काठच्या शेतकऱ्यांना आणि सगळ्या वाचकांना विनंती आहे. आमदाराला ‘पैसे वाढवून आणा’ असे सांगू नका. त्यांच्या हाती ते नाही. त्यांना तीन गोष्टी विचारा. डिसेंबर २०२५च्या पुरवणीत सी-६ला किती मागितले आणि त्यातला निव्वळ भार किती? तुम्ही त्यावर कपात सूचना दिली का, आणि मंत्र्यांनी कोणते आश्वासन दिले? मंजूर रकमेतले जिल्ह्याला बीम्सवर किती आले? पुरवणी मागण्यांचे पुस्तक वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत असते. ते उघडा, सी-६चे पान काढा आणि ते पान घेऊनच आमदारांकडे जा.